पॉवर स्टिअरिंग तापतंय: ट्रकवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे. इंजिनाचं काम मी घेत नाही, गिअरबॉक्सचंही नाही. पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग, एवढंच. मार्च उजाडला की रोज एखादी गाडी "मिस्त्री, पॉवरचं ऑइल उकळतंय" म्हणत दारात उभी राहते. ड्रायव्हर सांगतो एक, मालक फोनवर सांगतो दुसरं, आणि आधीच्या गॅरेजवाल्यानं काय केलं ते कुणीच सांगत नाही. फोनवर तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे लिहून काढलेत.

ऑइल किती तापलं की ते जास्त तापलं असं म्हणायचं?

कळंबोलीहून जेएनपीटी बंदरापर्यंत भरलेली गाडी नेली आणि टाकीतलं ऑइल ७०-८० अंशांवर आलं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात पळस्पे ते करळ फाटा असं रांगेत सरकत गेलात तर ९० च्या आसपासही जाईल. १०० च्या पुढे आकडा रोज दिसायला लागला की कारण शोधायला घ्या. बहुतेक स्टिअरिंग बॉक्स (ऑइलच्या प्रेशरनं चाकं वळवणारी पेटी) आणि पंपांसाठी १२० अंश ही सततच्या वापराची शेवटची मर्यादा समजतात. त्यावर गाडी चालत राहिली की सील कडक होतात, होजचं रबर आतून भाजतं आणि ऑइल पातळ होऊन पंपाचे पाते आणि त्यांच्याभोवतीचं लोखंड एकमेकांना खायला लागतात.

टाकीला हात लावला तर चटका बसतो. एवढ्यावरून कळत नाही का?

नाही. ६० अंशाच्या लोखंडालाही हात टिकत नाही, आणि ६० अंश तर स्टिअरिंगसाठी थंडच. चटका बसला म्हणून घाबरून आलेल्या निम्म्या गाड्या मी चहा पाजून परत पाठवतो.

टेंपरेचर गन घ्या, हल्ली फार महाग राहिलेली नाही. पण तिच्यात एक गोम आहे. चकचकीत धातूवर किंवा नव्या पाइपच्या पांढऱ्या प्लेटिंगवर गन धरली की ती आकडा कमी दाखवते. मी काळी इन्सुलेशन टेप घेतो, दोन बोटं लांबीचे पाच तुकडे कापतो आणि पाच ठिकाणी चिकटवतो: टाकी, पंपाची बॉडी, प्रेशर पाइपचं बॉक्सकडचं टोक, स्टिअरिंग बॉक्स आणि रिटर्न पाइपचं टाकीजवळचं टोक. मग त्या टेपवरच गन मारायची. पाचही आकडे खडूनं बंपरवर लिहून ठेवायचे. कुठला आकडा बाकीच्यांना सोडून पुढे पळतोय हे बघितलं की अर्धं निदान तिथेच होतं.

पण ऑइल मुळात तापतं कशानं? आग तर कुठे लागलेली नसते.

इंजिन पंप फिरवतं, पंप ऑइल ढकलतो. त्या ढकलण्यातली जी ताकद चाकं वळवायला लागली ती कामी आली. जी लागली नाही ती सगळी उष्णता होऊन ऑइलमध्येच राहते, तिला दुसरी वाट नाही.

आकड्यात बघा. मोठ्या ट्रकचा पंप मिनिटाला १६ लिटरच्या आसपास ऑइल देतो असं धरा, आणि स्टिअरिंग पूर्ण लॉकला, म्हणजे वळायच्या शेवटच्या टोकाला, दाबून धरल्यावर प्रेशर १५० बारला गेलं. १५० गुणिले १६, भागिले ६०० म्हणजे ४ किलोवॅट. घरातले २ किलोवॅटचे दोन गीझर त्या बॉक्समध्ये एकदम चालू केल्यासारखं. चाक तर एक इंचही हलत नाही, म्हणजे चारही किलोवॅट ऑइलच्याच डोक्यावर. आणि ऑइल असतं किती? ४-५ लिटर. हिशोबानं ते दहा सेकंदांत पाचेक अंशांनी चढतं, मिनिटभर धरलं तर पस्तीसेक अंशांनी. थोडी उष्णता बॉक्सचं लोखंड पिऊन घेतं, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) पंपही थोडं कमी देतो, पण गोष्ट बदलत नाही.

आता दुसरं टोक. गाडी सरळ चाललीय, कुणी स्टिअरिंग हलवत नाही. तेव्हा सिस्टिममध्ये प्रेशर जेमतेम ३ बार असायला हवं. उष्णता ८० वॅट, एका जुन्या बल्बएवढी. तेच रिटर्न लाइन कुठेतरी अडली आणि सरळ रस्त्यावरही प्रेशर २० बारवर गेलं, तर अर्धा किलोवॅटच्या वर. छोटी इस्त्री दिवसभर चालू राहिल्यासारखी. लॉकचे दोन गीझर काही सेकंदांचे असतात. ही इस्त्री आठ तास बंदच होत नाही. जास्त गाड्या या इस्त्रीनं मरतात.

म्हणून माझा प्रश्न कायम एकच असतो: प्रेशर फुकट कुठे जातंय? पंप कुठल्या कंपनीचा आहे, हे त्यानंतर.

गाडी आली की सगळ्यात आधी काय बघता?

आधी बघतो, मग पाना घेतो. टाकीचं झाकण उघडून काडी बाहेर काढायची, पांढऱ्या कापडाला पुसायची. लालसर, स्वच्छ असेल तर ठीक. काळपट आणि जळक्या कांद्यासारखा वास असेल तर ऑइल आधीच बरंच भाजलंय. दुधासारखं असेल तर पाणी गेलंय. पावसाळ्यात झाकणाचं वायसर नसलेल्या गाड्यांत हे हमखास. वर फेस असेल तर हवा. कापडावर चमकी दिसली, म्हणजे बारीक चांदीसारखे कण, तर कुठलं तरी लोखंड आत घासलं जातंय.

मग माझी पंधरा मिनिटांची परीक्षा. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इंजिन आयडलला, आणि स्टिअरिंगला कुणीही हात लावायचा नाही. ड्रायव्हरला खाली उतरवतोच, कारण सवयीनं तो चाक हलवत बसतो. सुरुवातीला पाच टेपांचे आकडे, पंधरा मिनिटांनी परत पाच आकडे.

काहीच न करता आकडे सरसर चढले, तर दोष ऑइलच्या फिरण्यात आहे: रिटर्न पाइप, फिल्टर, पंपाचा फ्लो व्हॉल्व्ह (जास्तीचं ऑइल परत फिरवणारा), किंवा बॉक्सचा व्हॉल्व्ह मध्यावर येत नाहीये. आकडे शांत राहिले आणि गाडी वळवायला लागल्यावरच चढले, तर दोष ओझ्याकडे आहे: किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती), टायरचा दाब, पॉपेट (टोकाला प्रेशर सोडणारे बॉक्समधले छोटे व्हॉल्व्ह), एक्सलचा स्टॉपर (वळताना चाक जिथे अडतं तो बोल्ट), नाहीतर ड्रायव्हरचा हात.

या पंधरा मिनिटांचे मी पैसे घेत नाही. तरी लोकांना ती फुकट गेल्यासारखी वाटतात. "उभं काय राहिलात, खोला की" असं म्हणणारे मालक मी रोज बघतो.

पंप नवा टाकला, तरी तापतंय. आता काय?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात लोखंडी पत्र्याच्या कॉइल वाहणारी एक बारा चाकी आली. मालकानं तीन महिन्यांत दोन पंप बदलले होते. दुसऱ्या पंपालाही कण्हल्यासारखा आवाज यायला लागला तेव्हा त्याला कुणीतरी माझ्याकडे पाठवलं. ड्रायव्हर मराठवाड्यातला, अनुभवी माणूस. तो म्हणाला, "उस्ताद, गाडी सकाळी लोण्यासारखी वळते. दुपारी उरण फाट्यापर्यंत आली की दगड."

पंधरा मिनिटांत पंप आणि बॉक्स दोन्ही भराभर चढले, पण रिटर्न पाइपच्या टाकीकडच्या टोकाचा आकडा मागे राहिला. बॉक्सकडचं टोक जास्त गरम, टाकीकडचं कमी, आणि मध्ये जेमतेम दीड हात होज. बाहेरून होज नवाच दिसत होता, काळाभोर, एक चीर नाही. बॉक्सच्या रिटर्न पोर्टला टी (तीन तोंडांचा जोड) लावून छोटं गेज बसवलं तर सरळ चाकांवर प्रेशर १८ बार. होज काढून एका तोंडानं बघितलं, दुसऱ्या तोंडाला बॅटरी धरली. उजेड यायला हवा होता, आली एक बारीक चंद्रकोर. आतलं अस्तर सुटून एका बाजूनं झडपेसारखं लोंबत होतं. उलटीकडून फुंकलं तर वारा आरामात जायचा, ऑइलच्या दिशेनं फुंकलं की झडप बंद. कुठल्या तरी दुरुस्तीत साध्या पाण्याच्या होजचा तुकडा क्लिप मारून बसवला होता. गरम ऑइलपुढे त्या रबराचा काय टिकाव लागणार?

होज बदलला, फिल्टर बदलला, ऑइल नवं. जुना पहिला पंप मालकाच्या गोडाऊनमध्ये पडून होता, तो मागवून गेजवर तपासला. ठणठणीत निघाला. तोच परत बसवला. मालक बराच वेळ त्या होजच्या तोंडातून बघत बसला होता.

पंप बदलण्याआधी रिटर्नचं प्रेशर मोजा. आयडलला, चाकं सरळ, ऑइल गरम असताना ३-४ बारच्या आत हवं. ७ बारच्या वर गेलं तर वाट कुठेतरी अडलीय हे नक्की.

आणखी एक. नवा पंप बसतो म्हणून तोच चालतो असं नाही. तोंड आणि स्प्लाइन तीच, पण आतून मिनिटाला चार-पाच लिटर जास्त देणारा पंप बसवला, तर पाइप आणि बॉक्सच्या वाटा तेवढ्याच राहतात. जास्त ऑइल त्याच वाटेनं ढकलायचं म्हणजे प्रेशर वाढलं, म्हणजे उष्णता वाढली. पंपाच्या बिल्ल्यावरचे फ्लोचे आणि प्रेशरचे आकडे जुन्याशी ताडून बघा. बिल्ला घासून टाकलेला पंप घेऊच नका.

माझी गाडी फक्त यार्डात तापते, हायवेला थंड होते. आणि शेजारच्याची बरोबर उलटी. असं कसं?

दोन वेगळे आजार आहेत.

यार्डात तापणारी गाडी ओझ्यानं तापते. न्हावा शेवा बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनसला किंवा भिवंडीच्या गोडाऊनच्या अरुंद दारात गाडी रिव्हर्स लावताना ड्रायव्हर उभ्या गाडीवर चाक या टोकाहून त्या टोकाला फिरवतो. टायर जागच्या जागी काँक्रिटवर घासतो. सगळ्यात जास्त प्रेशर याच वेळी लागतं. गाडी जरा, अगदी वीतभर, सरकवत वळवली तर प्रेशर बरंच उतरतं. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर आणखी भर. आधी हवा बघा, नंतर बाकीचं. रांगेत उभं असताना वारं लागत नाही, ते वेगळंच.

हायवेला तापणारी गाडी बहुतेकदा पंपानं तापते. हायवेला पंप जोरात फिरतो आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त ऑइल काढतो. जास्तीचं ऑइल पंपाच्या पोटातल्या पोटात परत फिरवायचं काम फ्लो व्हॉल्व्हचं. तो कचऱ्यानं अडकला की एकतर सगळं ऑइल बॉक्सकडे सुटतं, नाहीतर ते पंपातच गोल गोल घुसळत राहतं. टेपेच्या आकड्यात पंप सगळ्यात पुढे दिसला आणि बॉक्स मागे, तर मी आधी तो व्हॉल्व्ह काढतो. छोटा पिस्टन आणि स्प्रिंग असते. बोटानं ढकलल्यावर सरकला आणि परत आला पाहिजे. अडखळला तर कचरा आहे. कधी कधी धुऊनच काम होतं. घासलेला असेल तर पंपाचं काम करावंच लागतं, तिथे मी पंप वाचवायचा हट्ट धरत नाही.

स्टिअरिंग जड आहे आणि ऑइलही तापतं. बॉक्स गेला का?

थांबा. आधी किंगपिन.

ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) बॉक्सच्या आर्मवरून सोडवा, पुढचा एक्सल जॅकवर आणि लाकडी ठोकळ्यांवर घ्या, आणि चाक दोन्ही हातांनी धरून वळवा. निरोगी एक्सल एका माणसाच्या जोरावर या टोकाहून त्या टोकाला जातो. दोघांना लोंबकळावं लागलं तर किंगपिन सुकलेत किंवा खालचं थ्रस्ट बेअरिंग (गाडीचं वजन पेलणारं) बसलंय. बिचारा बॉक्स रोज त्या गंजाशी कुस्ती खेळतोय, आणि शिव्या खातोय पंप.

जॅकिंगचं एक गुपित सांगतो. ग्रीस मारताना चाकं जमिनीवर टेकलेली असतील तर वजन त्याच थ्रस्ट बेअरिंगवर बसलेलं असतं आणि ग्रीस जिथे हवं तिथे शिरतच नाही, बाजूनं बाहेर येतं. पोरगं म्हणतं ग्रीस मारलं, ग्रीस दिसतंही, पण आत कोरडं. एक्सल उचला, चाक डावी-उजवीकडे वळवत ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. उरण-जासईच्या पट्ट्यात पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांना हे दर दोन-तीन आठवड्यांनी करा. खारं पाणी आहे, ते माफ करत नाही.

ओझ्याचंही बघा. २०१८ मध्ये सरकारनं एक्सलची मर्यादा वाढवली, दहा चाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. कागदावर वजन वाढलं, पण २०१८ च्या आधीच्या गाडीचं स्टिअरिंग कुणी बदललं नाही. त्यातून कॉइल केबिनला चिकटवून लादली की पुढच्या एक्सलवर किती पडतं ते वजनकाट्यावर पुढची चाकं वेगळी चढवून एकदा बघा.

लॉकला नेलं की "हुंऽऽ" असा आवाज येतो. तो यायलाच हवा ना?

टोकाला क्षणभर येऊ शकतो. सतत येत असेल तर पॉपेट बिघडलेत किंवा कुणी चुकीचे लावलेत.

चाक एक्सलच्या स्टॉपरला टेकायच्या जरा आधी बॉक्समधले हे छोटे पॉपेट व्हॉल्व्ह उघडतात आणि प्रेशर सोडून देतात. म्हणजे टोकाला पंपाला कुणाशी झगडावं लागत नाही. एक्सलचं काम करताना कुणी स्टॉपरचा बोल्ट आत-बाहेर केला आणि पॉपेट पुन्हा लावले नाहीत, की आधी चाक लोखंडाला टेकतं आणि पॉपेट उघडतच नाहीत. मग ते गीझर चालू. काही बॉक्समध्ये पॉपेट पहिल्या पूर्ण वळणाला आपोआप बसतात, काहींना बाहेरून बोल्टनं लावावे लागतात. तुमचा कुठला आहे ते बॉक्स बनवणाऱ्याच्या पुस्तकात बघा, अंदाजानं बोल्ट फिरवू नका.

टायर रुंद टाकलात आणि ते चेसिसला घासतात म्हणून स्टॉपर पुढे घेतलात, तर हे काम ओघानं आलंच.

प्रेशर गेज घरी लावून बघता येईल का?

येईल, पण चाळीस रुपयांच्या ओ-रिंगसाठी डोळा गमावू नका. २५० बारपर्यंतचं गेज आणि त्याच्यापुढे बंद-चालू करणारा व्हॉल्व्ह, असा सेट पंप आणि बॉक्सच्या मध्ये बसतो. ऑइल ५०-६० अंशांवर आणून मोजायचं, थंड ऑइलवर आकडे फसवतात.

व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला की पंपाची कमाल ताकद दिसते. इंजिन आयडलला असतानाच बंद करायचा आणि पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही. पाच म्हणजे पाच. एका पोरानं माझ्यासमोर गेजकडे बघत बघत मोबाइल उचलला होता, पंपाचा शाफ्ट निळा पडला.

मग व्हॉल्व्ह उघडा. एक्सलच्या स्टॉपरमध्ये इंचभर जाडीचा लोखंडी ठोकळा ठेवायचा, म्हणजे पॉपेट उघडायच्या आधीच चाक अडेल, आणि चाक हळू त्यावर आणायचं. ठोकळ्याजवळ बोटं आणू नका, तिथे सुपारीसारखं फुटतं बोट. आता गेज पंपाच्या कमाल आकड्याच्या जवळ आलं, तर बॉक्स प्रेशर धरतोय. पंप एकटा पूर्ण देतो पण बॉक्सवर आल्यावर आकडा खालीच राहतो, तर ऑइल बॉक्सच्या आत गळतंय. फ्लो मीटर असेल तर आणखी स्पष्ट: ठोकळ्यावर दाबून धरल्यावरही मिनिटाला ४ लिटरच्या आसपास किंवा जास्त ऑइल वाहतंय तर बॉक्स उघडायची वेळ आली.

प्रेशर कमी दिसलं की रिलीफ व्हॉल्व्हच्या (हद्दीबाहेरचं प्रेशर सोडणाऱ्या) स्प्रिंगखाली वायसर टाकून "ताकद वाढवून देणारे" गल्लोगल्ली आहेत. करू नका. गाडी दोन दिवस हलकी वळेल, तिसऱ्या दिवशी होज किंवा सेक्टर शाफ्टचं (बॉक्समधून बाहेर येऊन आर्म फिरवणाऱ्या शाफ्टचं) सील फुटेल.

गाडी एका बाजूला ओढते आणि तापतेही. संबंध आहे का?

बऱ्याचदा असतो. बॉक्सच्या आतला व्हॉल्व्ह हात सोडल्यावर मध्यावर यायला हवा. तो जरा एका बाजूला राहिला की सरळ रस्त्यावरही एका बाजूला थोडं प्रेशर लागून राहतं. जॅकवर चाकं उचला, इंजिन चालू करा, स्टिअरिंग सोडून द्या. चाक आपणहून एका बाजूला फिरायला लागलं तर व्हॉल्व्ह. मात्र त्याआधी कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट बघा. तो गंजून अडकला की व्हॉल्व्ह बिचारा मध्यावर येणार कसा? कित्येक वेळा त्या सांध्यावर चार थेंब ऑइल आणि थोडं हलवणं एवढ्यानं आजार गेलाय.

दोन पुढच्या एक्सलच्या गाडीत वेगळं काही?

हो. दोन्ही एक्सलची चाकं वळताना एकाच केंद्राकडे बघायला हवीत. मधली लिंक जरा जास्त लांब किंवा आखूड झाली की दुसरा एक्सल पहिल्याशी भांडतो. टायर पिसासारखा खाल्ला जातोय का बघा. काही गाड्यांत दुसऱ्या एक्सलला मदत करणारा वेगळा सिलिंडर असतो. त्याच्या पिस्टनचं सील गेलं तरी ऑइल आतल्या आत या बाजूहून त्या बाजूला जात राहतं आणि तापतं. अशा गाडीत बॉक्स तपासताना तो सिलिंडर पाइप काढून आणि तोंडं प्लग करून बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर चूक दुसऱ्याची आणि खर्च बॉक्सवर.

ऑइल कुठलं टाकू? इंजिन ऑइल चालेल का?

टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते. पुष्कळ गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं, काहींना वेगळं. दोन जातींची मिसळ नको. रात्री जसखारजवळ ऑइल संपलं आणि हाताशी इंजिन ऑइलच असेल तर गॅरेजपर्यंत या बापडे, पण आल्यावर सगळं काढा, फिल्टरसकट. जाड ऑइल रिटर्नमध्ये अडतं आणि ताप वाढवतं.

बदलताना रिटर्न पाइप डब्यात सोडा, चाकं जॅकवर, टाकीत नवं ओतत राहा आणि स्टिअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवा, टोकाला दाबून न धरता. टाकी रिकामी पडू देऊ नका, पंप कोरडा फिरतो.

फेस येतोय, पण लेव्हल बरोबर आहे.

पंपाच्या सक्शन, म्हणजे ऑइल ओढणाऱ्या, बाजूनं हवा शिरतेय. तिथे प्रेशर उणं असतं, त्यामुळे ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून गळती "दिसत" नाही. टाकी ते पंप या होजच्या दोन्ही क्लिपा आणि पंपाच्या शाफ्टचं सील बघा. फेस आलेलं ऑइल उष्णता नीट वाहून नेत नाही आणि पंपाचे पाते खातं.

बीएस सहा (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्या जास्त तापतात असं म्हणतात. खरं?

एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत सायलेन्सरच्या जागी डीपीएफ (काजळी गाळणारा फिल्टर) आणि एससीआर (धुरातले विषारी वायू कमी करणारी यंत्रणा) यांचा मोठा डबा आला. डीपीएफमधली काजळी जाळताना तो प्रचंड गरम होतो. कंपनीनं पाइप त्यापासून लांब नेलेले असतात, उष्णता अडवायचा पत्रा असतो. दुरुस्तीत तो पत्रा काढून "परत लावू" म्हणून गाडीखाली विसरलेला मी अनेकदा बघितलाय. होज चिकटून जात असेल तर क्लॅम्प मारा. तापलेल्या डब्यावर ऑइल ठिबकलं की आग लागते, हे वेगळं सांगायला नको.

कूलर लावला तर?

कारण सापडलं नसताना कूलर म्हणजे तापावर नुसत्या पट्ट्या. कारण काढल्यावरही गाडीचं कामच तसं असेल, बंदरातला यार्ड ट्रॅक्टर, घोडबंदर रोडला बांधकामावर दिवसभर आत-बाहेर करणारा ट्रान्झिट मिक्सर, कचऱ्याची गाडी, तर जरूर लावा. रिटर्न लाइनवर, प्रेशर लाइनवर कधीच नाही. मोठ्या भोकाचा घ्या, नाहीतर तोच अडथळा बनतो. वाऱ्यात पण रेडिएटरच्या गरम झोतात नाही, असा बसवा. गाडीत आधीपासून रिटर्नचा लांब वळणदार लोखंडी पाइप असेल तर तोच कूलर आहे. त्यावरचा चिखल आणि ऑइलचा थर खरवडला तरी फरक पडतो.

मिक्सरवाल्यांसाठी एक: ड्रम फिरवणारं हायड्रॉलिक वेगळं, स्टिअरिंगचं वेगळं. ड्रमचा कूलर चालू आहे म्हणून स्टिअरिंग थंड राहील असं नाही. हा गोंधळ महिन्यातून एकदा तरी होतोच.

रस्त्यात अचानक स्टिअरिंग दगड झालं तर?

स्टिअरिंग सुटत नाही, चाकांशी लोखंडाची जोडणी असतेच. फक्त जोर कितीतरी पट लागतो. वेग कमी करा, दोन्ही हातांनी धरा, डावीकडे घ्या. मुंब्रा बायपासवर किंवा गायमुखच्या घाटात असाल तर मागच्याला इंडिकेटर लांबूनच द्या. उभं राहिल्यावर टाकीचं झाकण लगेच उघडू नका, अर्धा तास जाऊ द्या. गळती हातानं चाचपू नका. बारीक छिद्रातून सुटणारं ऑइल कातडी भेदून आत शिरतं आणि वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं. पुठ्ठा धरून बघा. असं झालंच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

तुमच्याकडे गाडी आणायची तर काय सोबत आणू?

जुना पंप बदलला असेल तर तो आणा, भंगारात देऊ नका. जुना फिल्टरही आणा, तो मी चिरून कागदाच्या घड्या उलगडून बघतो, त्यात सगळा इतिहास असतो. गाडी येताना धुऊ नका, गळतीच्या खुणा जातात. आणि रोज चालवणारा ड्रायव्हर पाठवा, बदली नको. सकाळी गाडी कशी वळते, दुपारी कशी, आवाज कुठल्या वळणाला येतो, हे त्याच्या खांद्याला माहीत असतं. सकाळी आठला आलात तर गाडी थंड मिळते आणि परीक्षा नीट होते. अकरानंतर लोखंड बाजाराची गर्दी सुरू होते, मग गल्लीत गाडी वळवतानाच ती तापलेली असते.